कर्ता सांगणारा दगड

(कागल पंचतारांकित एमआयडीसीत पहिली पाळी सुटल्यानंतर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



पाळी सुटून तुम्ही थेट इथे आलात, घरी जेवण वाट बघतंय, तेव्हा फार लांबण लावत नाही. आणि आधीच सांगतो, 'आम्ही, आम्ही' म्हणतोय ते मोठेपणासाठी नव्हे. हे टिपण आम्ही तिघांनी मिळून केलंय. एकजण फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, एकजण क्वालिटीत, आणि तिसरे आमचे मास्तर, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. बोलणारा एक असला तरी चुका तिघांच्या धराव्यात.

विषय ऐकून काहीजण म्हणाले, की हे इथे कशाला? देशोधडीला लागलेल्या लोकांनी परक्या गावात आपल्या मारल्या गेलेल्या माणसांची स्मारकं उभारली, आणि त्या स्मारकांवर हल्ले झाले. याचा कागलशी काय संबंध? संबंध आहे. सुरुवात कोल्हापुरातूनच करू.

महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे. 1998 साली उभारलेलं. आम्ही तिघं एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम ते बघायला गेलो. अर्धा तास थांबलो. बागेत पोरं पळत होती, बाकांवर म्हातारी माणसं होती, एका कुटुंबाची भेळ चालली होती. स्मारकाला कुणी त्रास देत नव्हतं, आणि ते कुणी वाचतही नव्हतं. निघताना मास्तर म्हणाले, "याच्यावर कुणाचाच राग नाही. असं का?"

आम्ही हसलो. कोल्हापूरचा माणूस त्या स्मारकावर कशाला रागवेल? पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण याच पोलिश लोकांच्या भाऊबंदांनी लंडनमध्ये एक दगड उभारला, तेव्हा एका महासत्तेनं निषेध केला आणि दुसऱ्या देशाच्या सरकारनं त्याच्याकडे पाठ फिरवली. समाज एकच, दगड दोन. एकाला हार मिळतो आणि दुसऱ्याला विरोध होतो. हे असं का होतं, एवढंच आज बघायचंय.

त्यासाठी थोडा इतिहास. 1939 च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि पूर्वेकडून स्टालिन. पूर्वेच्या भागातून 1940 आणि 1941 या दोन वर्षांत लाखो लोकांना मालगाडीत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडलं गेलं. थंडी, उपासमार आणि टायफसनं त्यातले किती वाटेत आणि किती तिथे पोचल्यावर गेले, याचा हिशेब आजही वादात आहे. मग 1941 च्या जूनमध्ये हिटलर स्टालिनवर उलटला. आता स्टालिनला मित्र हवे झाले, तेव्हा या कैद्यांना 'माफी' जाहीर झाली. गुन्हा काय होता ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, माफी मात्र दिली. 1942 मध्ये त्यातले काही कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले, आणि तिथून काही हिंदुस्थानात. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुलांची छावणी उभी केली. आणि 1943 पासून 1948 पर्यंत आपल्या वळिवड्यात सुमारे 5,000 पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

पुरुष कुठे होते? काही सैन्यात. काहींचा पत्ताच नव्हता. 5 मार्च 1940 च्या हुकमानं सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे 22,000 पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यात सैन्याचे अधिकारी होते, पोलीस होते, आणि राखीव अधिकारी म्हणून बोलावलेले डॉक्टर, वकील, शिक्षकही होते. कातिनच्या जंगलात त्यातल्या काही हजारांना पुरलं होतं. ते खड्डे सापडल्याची बातमी जर्मनांनी जगाला दिली 1943 च्या एप्रिलमध्ये. वळिवड्याचा कॅम्प सुरू झाला तेही हेच वर्ष. मॉस्कोनं हात झटकले, हे जर्मनांचंच काम म्हणून सांगितलं. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारनं रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, तर मॉस्कोनं त्यांच्याशी संबंधच तोडले. ब्रिटन गप्प बसलं, कारण युद्धात रशिया त्यांच्या बाजूला होता.

आता लंडनचा दगड. युद्ध संपल्यावर पोलंड रशियाच्या छायेत गेला, पूर्वेकडचा मुलूख तर सोव्हिएत संघातच गेला. अनेकांना परतायला घर उरलं नाही, ते ब्रिटनमध्ये राहिले. सत्तरच्या दशकात त्यांनी कातिनचं स्मारक उभारायचं ठरवलं. चेल्सीतल्या एका चर्चच्या बागेत जागा ठरली होती, तिथे परवानगी मिळाली नाही. शेवटी गनर्सबरीच्या दफनभूमीत 18 सप्टेंबर 1976 ला काळ्या ग्रॅनाइटचा स्तंभ उभा राहिला. सोव्हिएत सरकारचा त्याला विरोध होता. ब्रिटिश सरकारनं आपला प्रतिनिधी पाठवला नाही, नोकरीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना गणवेशात जायला मनाई केली.

एवढा राग कशावर होता? स्तंभावर गावाचं नाव होतं, कातिन. आणि त्याखाली साल, 1940. अडचण त्या चार आकड्यांची होती. कारण 1940 मध्ये कातिनच्या परिसरात जर्मन फौज पोचलीच नव्हती, ती पोचली 1941 च्या उन्हाळ्यात. 1940 लिहिलं की मारणारा कोण ते आपोआप ठरतं. 1941 लिहिलं असतं तर कदाचित मॉस्कोहूनसुद्धा फुलं आली असती!

खुद्द पोलंडमध्ये काय झालं बघा. 1981 च्या जुलैअखेरीस वॉर्सातल्या पोवॉन्स्कीच्या दफनभूमीत काही लोकांनी गुपचूप दगडी क्रूस उभा केला, त्यावरही हेच साल. उभारला त्याच रात्री गुप्त पोलिसांनी तो नाहीसा केला. पुढे 1985 मध्ये सरकारनं स्वतःच तिथे स्मारक उभारलं, पण त्यावर मृतांना हिटलरी फॅसिझमचे बळी म्हटलं. म्हणजे स्मारक नको असं सरकार म्हणत नव्हतं. मेलेल्यांबद्दल हळहळायलाही हरकत नव्हती. फक्त मारणारा बदला, एवढंच. पुढे 13 एप्रिल 1990 ला मॉस्कोनं खून आपल्याच पोलिसांनी केल्याचं कबूल केलं. तोवर पन्नास वर्षं गेली होती.

मास्तरांनी इथे आम्हाला शाळेतलं व्याकरण आठवायला लावलं. वाक्यात कर्ता असतो, कर्म असतं, क्रियापद असतं. आणि मराठीत कर्त्याला लपवायच्या सोयी भरपूर आहेत. "मारले गेले" म्हणा, "बळी पडले" म्हणा, "प्राण गमावले" म्हणा. "प्राण गमावले" तर कमालीचं आहे. जणू खिशातून पाकीट पडावं तसे त्यांनीच कुठेतरी निष्काळजीपणानं गमावले! ज्यांचा संहार झाला त्यांच्या मुलानातवंडांना नेमका हा कर्ता वाक्यात परत आणायचा असतो. बहुतेक हल्ले त्या कर्त्यावर होतात. हातोडा नंतर येतो, आधी शब्दावर घाव पडतो.

आम्ही आणखी काही ठिकाणं तपासली, हे खरं ठरतं का बघायला.

फ्रान्समध्ये ल्यों शहराशेजारी डेसिन म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1915 पासून, ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांचा जो संहार झाला त्यातून वाचलेले अनेकजण तिथे येऊन कारखान्यांत कामाला लागले. म्हणजे आपल्यासारखीच कामगार वस्ती. 1972 मध्ये त्यांनी स्मारक केलं. 2020 मध्ये काराबाखची लढाई पेटलेली असताना, 31 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबरच्या रात्री कुणीतरी त्यावर रंग फवारला. 'करडे लांडगे' या तुर्की अतिराष्ट्रवादी संघटनेचं नाव आणि तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांची आद्याक्षरं. काही दिवसांतच फ्रान्सनं त्या संघटनेवर बंदी घातली. तुर्कस्तान आजही याला वंशसंहार म्हणायला तयार नाही. माणसं मेली हे मान्य, पण त्यामागे ठरवून केलेली कृती होती हे अमान्य.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी, 2009 मध्ये, मुळ्ळिवाय्क्कालच्या किनारपट्टीत हजारो तमिळ नागरिक मेले. जाफना विद्यापीठात विद्यार्थ्यांनी त्यांचं स्मारक केलं होतं. 8 जानेवारी 2021 च्या रात्री ते बुलडोझरनं पाडलं. विद्यार्थी उपोषणाला बसले, तीन दिवसांत पुन्हा पायाभरणी करावी लागली. पण धग कॅनडापर्यंत गेली. ब्रॅम्प्टन शहरातल्या तमिळांनी नगरपालिकेकडून बागेत जागा मिळवली आणि 2025 च्या मे महिन्यात तिथे स्मारक उभं राहिलं, नावातच 'वंशसंहार' हा शब्द घेऊन. श्रीलंकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कॅनडाच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला. आपल्या हद्दीबाहेरच्या, हजारो किलोमीटर लांबच्या एका बागेतल्या दगडासाठी!

यात एक क्रम दिसतो. जिथे घडलं तिथे दगड उभा करता येत नाही, म्हणून तो परक्या गावात उभा राहतो. आणि ज्यांनी तिथे उभा करू दिला नाही, ते परक्या गावातही त्याचा पाठलाग करतात. कधी स्प्रेचा डबा घेऊन, तर कधी वकिलातीचं पत्र घेऊन.

सगळे हल्ले मात्र या साच्यातले नसतात, हेही सांगायला हवं. अमेरिकेत जर्सी सिटीला नदीकाठी कातिनचंच स्मारक आहे, पाठीत संगीन घुसलेला सैनिक. 2018 मध्ये तिथल्या महापौरांनी ते हलवायचं ठरवलं, कारण नदीकाठाचं सुशोभीकरण करायचं होतं. इतिहास नाकारायचा म्हणून नव्हे, जागा हवी म्हणून. पोलिश लोकांनी आवाज उठवला आणि डिसेंबरमध्ये नगरपरिषदेनं ते आहे तिथेच ठेवायचा निर्णय घेतला. एमआयडीसीतल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला नको. प्लॉटची किंमत वाढली की कुणाचं थडगं, कुणाचं देऊळ, कुणाचा वड आडवा येतो, हे आपण बघितलेलं आहे.

आमच्यातला मोल्डिंगवाला म्हणतो, हल्ला कसा झाला त्यावरून हल्लेखोराचं मन ओळखता येतं. पितळी अक्षरं उचकटून भंगारात विकली, तर तो चोर आहे. त्याला 'क' काय आणि 'ळ' काय, किलोचा भाव सारखाच. पण सगळी पाटी शाबूत ठेवून एकच शब्द छिन्नीनं खरवडला असेल, तर तो वाचणारा माणूस आहे. त्यानं पाटी आपल्या सगळ्यांपेक्षा नीट वाचलीय. आणि तोच पुढे म्हणाला, अक्षरं काढली तरी ज्या भोकांत ती बसवलेली असतात ती भोकं राहतात, त्यावरून शब्द लागतो. पॉलिशच्या ग्रॅनाइटवरचा रंग थिनरनं निघतो, खडबडीत काळ्या दगडात मात्र तो मुरतो. म्हणून पुसायला कोण येतं आणि किती लवकर येतं, याला महत्त्व आहे. नगरपालिका दुसऱ्या दिवशी सकाळी आली तर गोष्ट वेगळी, तीन महिन्यांनी आली तर वेगळी.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, दगडाला काय होतंय? माणूस तर मेला नाही ना? याचं उत्तर महाराष्ट्राला फ्रान्सकडून शिकायची गरज नाही. 11 जुलै 1997, घाटकोपरचं रमाबाई नगर. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, 10 माणसं गेली. त्या पुतळ्यामागे वंशसंहार नव्हता, आम्ही दोन्ही गोष्टी एक करत नाही. पण विटंबना करणाऱ्याचा निरोप पुतळ्याला नसतो, आसपास राहणाऱ्या जिवंत माणसांना असतो, हे तिथे दिसलं. डेसिनच्या आर्मेनियन म्हाताऱ्याला भिंतीवरचा रंग बघून हेच कळलं असणार, की आजोबा ज्यांच्यापासून पळाले त्यांचं नाव आपल्या दारापर्यंत आलंय.

दुसरी शंका जास्त अवघड आहे, ती टाळणार नाही. स्मारक चुकीचं असू शकत नाही का? असू शकतं. लोक आपल्या मेलेल्यांचा हिशेब मांडतात आणि आपण मारलेल्यांचा विसरतात, असं होतं. 'वंशसंहार' हा शब्दही सगळीकडे सारख्या पुराव्यानं बसत नाही. पोलिश माणसांच्या हद्दपारीला तो लावावा का, यावर अभ्यासक भांडतात. श्रीलंकेबाबतही वाद आहे. शब्दाचं वय बघा. राफाएल लेमकिन या पोलंडमधल्या ज्यू वकिलानं तो 1944 मध्ये छापला, तेव्हा वळिवड्यात पोलिश मुलं शाळेत जात होती. संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला डिसेंबर 1948 मध्ये, कॅम्प संपला त्याच वर्षी. आणि मराठीत आपण त्याला सर्रास 'नरसंहार' म्हणतो, त्यात 'एक समाज म्हणूनच संपवायचं' हा मूळ अर्थ निसटतो. 'वंशसंहार' त्याच्या जास्त जवळ आहे, म्हणून आज आम्ही तोच वापरला.

तेव्हा पाटीशी भांडायला हरकत नाही. लेख लिहा, सभा घ्या, शेजारी दुसरी पाटी लावायची मागणी करा, पुरावे मांडा. आज आम्हीही तेच करतोय, एका पाटीची समीक्षा. पण समीक्षक दिवसा येतो आणि नाव सांगतो. रात्री येऊन शब्द खरवडणाऱ्याला वाद जिंकायचा नसतो, वाद होऊच द्यायचा नसतो.

आता परत महावीर उद्यानात येऊ. तिथल्या दगडावर कुणाचा राग का नाही? आमचं उत्तर असं, की तो आभाराचा दगड आहे. त्याच्या वाक्यात कर्ता आहे, आणि तो कर्ता आपण आहोत. कोल्हापूरनं आश्रय दिला. वॉर्सातही 2017 मध्ये कोल्हापूरच्या नावानं स्मृतिचिन्ह लागलं. 2019 च्या सप्टेंबरात वळिवड्यात स्तंभ झाला. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साच्या त्या स्मृतिचिन्हापाशी गेले तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली. फुगावीच. ते आभार खोटे नाहीत. वळिवड्याहून गेलेल्या मुलांनी म्हातारपणी इथवर येऊन ते मानलेत, त्यांच्या शब्दावर शंका घेणारे आम्ही कोण?

आमची तक्रार त्यांच्याबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. "आश्रय दिला" या वाक्याआधी एक वाक्य आहे, "यांना घरातून कुणी हाकललं?" आणि नंतर एक आहे, "पुढे त्यांचं काय झालं?" आपण मधलंच तेवढं पाठ केलं. कॅम्पचा खर्च मुख्यतः लंडनमधल्या त्या पोलिश सरकारचा होता, परवानगी इंग्रजांची होती, जमीन कोल्हापूरची होती. 1945 च्या जुलैमध्ये इंग्रजांनी त्याच पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वळिवड्यातल्या माणसांना बघता बघता सरकार उरलं नाही. हे सगळं सांगितलं की आपला मोठेपणा थोडा कमी होतो, पण गोष्ट पूर्ण होते.

आणि पोलिश गेल्यावर त्याच बराकीत कोण आलं? फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं. त्याचंच आजचं गांधीनगर. तिथे लग्नाचा बस्ता बांधताना आपण भावात घासाघीस करतो. दुकानातल्या आजोबांना "तुम्ही कुठून, कसे आलात?" असं किती जणांनी विचारलंय? आम्ही तिघांनीही विचारलं नव्हतं. हे टिपण करताना लाज वाटली ती याचीच.

शेवटचं, आणि ते या एमआयडीसीबद्दल. आपल्या शेडमध्ये, आपल्या पाळीत लांबून आलेली माणसं आहेत. बिहारची, ओडिशाची, उत्तर प्रदेशची. तळंदगे, कसबा सांगाव, हुपरीच्या बाजूला एका खोलीत पाच-सहाजण राहतात. त्यातल्या कुणाच्या गावात काय घडलंय, कुणाच्या जातीवर, कुणाच्या धर्मावर काय बेतलंय, आपल्याला माहीत नाही. उद्या त्यातल्या कुणी म्हटलं, आमच्या मेलेल्यांसाठी इथे कोपऱ्यात एक दगड ठेवतो, आणि त्यावर कुणी मारलं तेही लिहितो, तर आपण काय करू? हार घालू, की "भावा, नाव तेवढं नको लिहूस, उगाच भानगड कशाला?" म्हणू? आम्ही तिघांनी प्रामाणिकपणे विचार केला. दोघांचं उत्तर दुसरं आलं. तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही.

या उत्तरावर आम्ही खूश नाही, म्हणून ते तुमच्यापुढे ठेवलं. पुढच्या सुट्टीला महावीर उद्यानात गेलात तर भेळ जरूर खा, पण आधी तो दगड वाचा, आणि बरोबरच्या पोराला पहिलं वाक्य सांगा, जे तुम्हाला आज इथे कळलं. चहा आलाय. प्रश्न असतील ते आता विचारा, भांडायचं असेल तरी चालेल.